अंथरूण धरून दिवस भरत नाहीत

‘सातवा लागला की अंथरूण सोडू नका. मासे उष्ण, ते बंद. पाणी बेताचं प्या. आठव्यात झालेलं मूल जगत नाही, सातव्यातलं जगतं. कळा आल्या तर पायाखाली उशी घेऊन घरीच पडा.’ हा मजकूर रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोबाइलवर फिरतोय. लोक तो मायेपोटीच पुढे पाठवतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

अंथरूण धरल्याने अपुऱ्या दिवसांचं, म्हणजे ३७ आठवड्यांआधीचं, बाळंतपण टळतं असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट पडून पडून पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. जड टोपल्या उचलू नका, हे खरं. घरात-अंगणात वावर मात्र हवा, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर.

मासे बंद कशाला? २०१८च्या एका मोठ्या आढाव्यात ओमेगा-३ (माशांतली एक चरबी) घेणाऱ्या गरोदर बायकांत ३४ आठवड्यांआधीची बाळंतपणं शंभरात ४.६ वरून २.७ वर आलेली दिसली. बांगडा-तारलीत ते भरपूर असतं. नीट शिजवून खा. मोरी माशात (शार्क) पारा जास्त, ती तेवढी टाळा.

पाणी कमी पिण्याचा सल्ला तर घातकच. मासळीबाजारात बसणाऱ्या कितीतरी जणी जवळ धड संडास नाही म्हणून आधीच घोटभर पाण्यावर दिवस काढतात. लघवीत जंतू झाले तरी कधी जळजळसुद्धा होत नाही, आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला की वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. लघवी तपासून घ्या; दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी मोफत असते.

मजकुरात मशेरीचं नावही नाही, याचा मला खरा राग येतो. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी ती तंबाखूच. बोटाने हिरड्यांना लावली की निकोटिन थेट रक्तात उतरतं आणि वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. अंथरुणात पडून मशेरी लावली तरी तो कमी होत नाही.

आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल तर पहिल्याच तपासणीला सांगा. सोनोग्राफीत गर्भाशयाचं तोंड आखूड दिसलं तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक औषध म्हणून देता येतं, काहींना टाकाही घालतात.

आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्तच तयार असतं. पोटातला प्रत्येक आठवडा त्याच्या कामी येतो.

आणि कळा? ३७ आठवड्यांआधी पोट राहून राहून कडक झालं, कंबर भरून आली, पाणी किंवा रक्त गेलं, तर लगेच १०२ किंवा १०८ लावा. ३४ आठवड्यांआधी दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते, पण पुरता गुण यायला साधारण २४ तास लागतात. घरी उशी घेऊन काढलेली रात्र त्यातूनच वजा होते.