‘मंडळीने डबे पोचवू नयेत’ असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

नवी मुंबईतील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) महिला संघाने नुकताच एक प्रस्ताव मांडला. खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात उपचारांसाठी परगावाहून आलेल्या आणि महिनोन्‌महिने भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांना आठवड्यातून दोन दिवस घरचे जेवण पोचवावे व त्यासाठी दानार्पणातील काही रक्कम राखून ठेवावी, असा तो प्रस्ताव आहे. त्यावर उत्तर म्हणून, ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या मंडळ्यांत बरेच दिवस फिरत असलेला एक संदेश पुन्हा सर्वांना पाठवला गेला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: मिशनचे काम सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) सांगणे एवढेच आहे, प्रेषितांनी (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांनी) समाजसेवा केली नाही, जुने मिशनरी केवळ वचन (बायबलचा उपदेश) घेऊन आले आणि सेवाकार्य नंतरच्या उदारमतवाद्यांनी आत आणले, जेथे सेवा वाढली तेथे विश्वास थंडावला, हे काम आता सरकारचे आहे, आणि ज्या सेवेतून बाप्तिस्मे होत नाहीत तिच्यावर मंडळीचा पैसा खर्च होऊ नये. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या आदराची वडीलधारी माणसे आहेत, म्हणून गप्प न बसता एकेका मुद्द्याला उत्तर देत आहे.

पहिला मुद्दा प्रेषितांचा. त्यासाठी बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय ६ पुढे केला जातो, कारण वचनाची सेवा सोडून पंक्तिसेवा (जेवण वाढण्याचे काम) करणे आम्हाला योग्य नाही, असे प्रेषित तेथे म्हणतात. पण त्यांनी पंक्ती बंद केली नाही. विधवांच्या रोजच्या वाटणीत अन्याय होत आहे हे कळताच त्यांनी त्या कामासाठी आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसे नेमली, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि लगेच पुढे त्या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला. मूळ ग्रीक भाषेत वाटणीसाठी आणि वचनाच्या सेवेसाठी एकच शब्द, ‘दियाकोनिया’, वापरलेला आहे. त्या सातांपैकी स्तेफन पहिला रक्तसाक्षी (विश्वासासाठी प्राण देणारा) झाला, आणि वाटणीसाठी नेमलेल्या फिलिप्पालाच पुढे २१व्या अध्यायात ‘सुवार्तिक’ म्हटले आहे. प्रेषित पौलाचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायात तो सांगतो की रोमला येऊन पुढे स्पेनला जाण्याची त्याची फार इच्छा आहे, पण सध्या तो मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनी गोरगरिबांसाठी गोळा केलेली मदत घेऊन यरुशलेमेला निघाला आहे. ती पोचवण्यासाठी सर्वांत मोठ्या मिशनऱ्याने आपला मिशनचा दौरा मागे ठेवला. ती मदत विश्वासणाऱ्यांसाठीच होती, असा आक्षेप निघेल, आणि ते खरेही आहे. परंतु गलतीकरांना लिहिताना त्याच पौलाने सर्वांचे बरे करावे असे आधी सांगितले आणि विश्वासाच्या घराण्याचा विशेष उल्लेख त्यानंतर केला.

जुन्या मिशनऱ्यांविषयीचे विधान इतिहासाला धरून नाही. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात आले. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे केरी ते हेच. सतीबंदीचा कायदा भाषांतरासाठी त्यांच्या हाती आला तो डिसेंबर १८२९ मधील एका रविवारी. उशीर झाला तर आणखी कोणाचा जीव जाईल म्हणून त्यांनी त्या दिवशीचा उपदेश दुसऱ्यावर सोपवला आणि दिवसभर बसून भाषांतर पुरे केले. उपदेशासाठीच आलेल्या माणसाने त्या रविवारी कशाला आधी स्थान दिले, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहावे. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८२४ मध्ये त्याने तेथे मुलींची शाळा काढली. उदारमतवादाचा वाद तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. हा मतभेद मिशनच्या आतही जुना आहे. १८५४-५५ मध्ये त्या मिशनच्या अमेरिकेतील मंडळाचे सचिव रूफस अँडरसन येथे आले, तेव्हा त्यांनी इंग्रजी शाळांवरील भर कमी करून खेड्यांतील उपदेशाकडे व स्थानिक मंडळ्यांकडे वळण्याचा आग्रह धरला. पण त्यांना असा आग्रह धरावा लागला, यावरूनच शाळा त्याआधीपासून होत्या हे दिसते.

विश्वास थंडावतो, या भीतीत तथ्याचा अंश आहे. दारावर ख्रिस्ती नाव उरले आणि आत प्रार्थना उरली नाही, अशा संस्था आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. तरी सेवा हेच त्याचे कारण असते, तर केडगावच्या मुक्ती मिशनचे काय? १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून पंडिता रमाबाईंनी उपाशी मुली व विधवा तेथे आणल्या, त्यांना जेवू घातले, अक्षरओळख व हातांना काम दिले. १९०५ चे संजीवन (मोठी आध्यात्मिक जागृती) त्याच मुलींमध्ये झाले, आणि रमाबाईंचे मराठी बायबल त्याच आवारातील छापखान्यात छापले गेले. अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जमलेल्या जागतिक ख्रिस्ती परिषदेनेही सुवार्तेला अग्रस्थान ठेवूनच, सुवार्ता आणि सामाजिक जबाबदारी यांना परस्परविरोधी मानल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला.

सरकारच्या जबाबदारीविषयी फार लिहावे लागत नाही. रजनीकांत व मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये जामखेडला गेले तेव्हाही सरकार होते. त्यांनी गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. सरकारने करायचे ते केलेच पाहिजे. त्यामुळे शेजाऱ्याचे कर्तव्य संपत नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. लूक १७ मध्ये प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि परतला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या लोकांपैकी. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने दुःखाने विचारले, पण त्यांचे बरे होणे काढून घेतले नाही. बाप्तिस्म्याच्या हिशोबावर जेवण वाढायचे ठरले, तर ते जेवण आमिष होते, आणि आपल्यावर बाहेरून होणारा आमिषाचा आरोप आपण स्वतःच्या हाताने खरा करतो. भुकेल्या माणसाचा आणि सुवार्तेचा, दोघांचाही त्यात अपमान आहे.

म्हणून महिला संघाच्या प्रस्तावाला मी पाठिंबा दिला असून त्यात एक दुरुस्ती सुचवली आहे: डब्यासोबत कोणतीही पत्रिका देऊ नये, कोणाचा धर्म विचारू नये, आणि एखाद्याने आपणहून विचारले की तुम्ही हे कशासाठी करता, तर येशूचे नाव न लपवता, स्वच्छ शब्दांत सांगावे.