नरक नेमका कुणासाठी?

‘देवाने माणसांना शिक्षा करायलाच नरक निर्माण केला’ हे ख्रिस्ती धर्मातल्या नरकावरच्या एका लेखातलं वाक्य खटकलं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात (25:41) नरकाचा अग्नी सैतान आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेला आहे. कॅथलिक शिकवणीतही नरक म्हणजे माणसाने स्वतः पत्करलेली देवापासूनची कायमची ताटातूट.

आमच्या इंदूरच्या घरी आजोबा गेले तेव्हा गरुडपुराण लावलं होतं, त्यामुळे डोक्यात नरक म्हणजे उकळत्या कढया, आणि भोग संपले की सुटका. शेजारच्या ख्रिस्ती काकूंना हे सांगितलं, तर म्हणाल्या की त्यांच्याकडे ही सुटकेची सोयच नाही, जे ठरवायचं ते जिवंतपणी. हे ‘कायमचं’ मला अजून पचलेलं नाही. लेखात मात्र त्यावर चकार शब्द नाही!