मिनिमम साडेतीनशे सीसी

सकाळी मुलुंडला गाडीत चढले. बसायला मिळालं नव्हतं, एका हातात कडी, दुसऱ्या हातात फोन. बघते तर कुणीतरी मला एका नव्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलेलं. 'मुंबई ते आग्रा, पर्व दुसरं'. पहिलाच मेसेज: बाईकवरून दोन दिवसांत आग्रा. रोज सहाशे किलोमीटर. जेवणाला एक थांबा, बाकी फक्त पेट्रोल. जो मागे राहील त्यानं थेट हॉटेलवर यायचं. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, मिनिमम साडेतीनशे सीसी.

मी यादी उघडून बघितली. मागच्या वेळच्या अकरापैकी दहा जण होते. काका नव्हते.

दिवसभर काउंटरवर बसून माझं डोकं ठणकत होतं. तीनदा मेसेज लिहिला आणि तीनदा पुसला. आता कुकर लावून इथंच लिहायला बसलेय, कारण त्या ग्रुपवर लिहिलं की दोन अंगठे येतील आणि विषय संपेल.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. भांडुपचे, वय ६८. उभा जन्म एसटीत ड्रायव्हर म्हणून गेला आणि बहुतेक सगळी ड्युटी आग्रा रोडवरची. मुंबई-धुळे, मुंबई-शिरपूर. आता स्प्लेंडर चालवतात आणि साठच्या वर काटा जाऊ देत नाहीत. ही शंभर सीसीच्या आतली गाडी २०२४ च्या जानेवारीत आमच्याबरोबर मुंबईहून आग्र्याला गेली आणि परत आली. जाऊन-येऊन चोवीसशे किलोमीटर. ती बिघडली म्हणून कुणाला एक मिनिटही ताटकळावं लागलं नाही. रस्त्यात अडकली ती माझी बुलेट. साडेतीनशे सीसी.

दुसरा दिवस होता. शिरपूर सोडलं, पळासनेर गेलं, बिजासन घाट चढून मध्य प्रदेशात शिरलो. सेंधवा मागे टाकून थोडं पुढे आले आणि मागचं चाक एकदम डुलायला लागलं. खिळा. आमचे नऊ जण पुढे होते, दिसेनासे झालेले. ठरलेला नियम असा होता की आरशात मागचा दिसला नाही तर थांबायचं. एकालाही आरसा आठवला नाही. मी फोन लावत बसले. एकजण उचलेना, दुसऱ्याचा लागेना. ट्रक असे जात होते की उभी गाडी हलत होती.

आता लोक म्हणतील, चौपदरी रस्ता आहे, साठनं चालवणारी दुचाकी मागून येणाऱ्यांना अडचणीची होते. होते. मान्य. काकांचं वय झालंय, तेही मान्य. पुढे?

मुळात आग्रा रोड म्हणजे काय आहे ते तरी बघा. आपण ज्याला एलबीएस, म्हणजे लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतो, शीवपासून कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड करत ठाण्याला जाणारा, तोच हा रस्ता. माझी आजी शेवटपर्यंत आग्रा रोडच म्हणायची. 'आग्रा रोडला जाऊन कोथिंबीर आण.' लहानपणी मला वाटायचं आग्रा नावाचा कुणी दुकानदार असेल. मग ठाणे, भिवंडी, शहापूर, कसारा, इगतपुरी. नाशकात पुन्हा जुना आग्रा रोड. आणि इंदूरला पोचल्यावर हॉटेलवाल्यानं पत्ता सांगितला 'एबी रोड'. एबी म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, आग्रा-बॉम्बे. मला अंगावर काटा आला. आपल्याकडे त्यांचं नाव, त्यांच्याकडे आपलं नाव, आणि मध्ये एकच रस्ता. सरकारनं नंबर बदलले, पूर्वीच्या तीन नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळा आकडा दिला, पण लोकांच्या तोंडात आग्रा रोड तो आग्रा रोडच.

या रस्त्यावर चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे. धुळ्याच्या अलीकडे लळिंगचा किल्ला रस्त्यावरूनच दिसतो. धामणोदहून आत वळलं की तासाभरात महेश्वर बघायला सुरुवात होते, अहिल्याबाईंची राजधानी. महूला बाबासाहेबांचा जन्म झाला. शिवपुरीत १८५९ साली तात्या टोपेंना फाशी दिलं. ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. होळकर आणि शिंदे, अर्धा इतिहास आपल्या माणसांचा. हे सगळं रोज सहाशे किलोमीटरनं बघणार? जानेवारीत शिवपुरीच्या पुढे सकाळी दहापर्यंत धुक्यात समोरचा ट्रक दिसत नव्हता. दिवस लहान. मग सहाशे किलोमीटर चालवणार कधी? अंधारातच ना? घरी बायकापोरं आहेत ना तुमची?

आणि या राइडच्या पोस्टरवर काय लिहिलंय, 'शिवरायांच्या पावलांवर'. अरे, १६६६ साली महाराज आग्र्याला गेले तेव्हा दख्खनची मोठी वाट बुऱ्हाणपूरवरून जायची. आपण जातो तो रस्ता वेगळा. आग्र्याच्या किल्ल्यासमोर महाराजांचा पुतळा आहे, तिथं जाऊन डोकं टेकवा, मीही टेकवलं, रडलेही. पण महाराजांचं नाव घ्यायचं आणि आपल्यातल्याच म्हाताऱ्या माणसाला मागे टाकायचं? आग्र्याहून निसटताना महाराजांनी एकेका माणसाचा विचार केला होता. नऊ वर्षांच्या शंभूराजांचा केला, मागे थांबणाऱ्यांचाही केला.

असो. सेंधव्याकडे येते.

पाऊण तासानं लांबून एक बारका आवाज आला. शिवणयंत्रासारखा, एका लयीत. काका. त्यांनी विचारलंही नाही काय झालं म्हणून. स्प्लेंडर माझ्या गाडीच्या मागे तिरकी लावली, ट्रकवाल्याला लांबून दिसावी अशी, तिच्यावर लाल फडकं अडकवलं आणि डिकीतून गोणपाट काढलं. त्यात पाने, दोन टायर लिव्हर, कानस, सोल्यूशन, पॅच, पायानं मारायचा पंप. मी विचारलं, काका, तुमच्या गाडीला एवढं लागतं? म्हणाले, माझ्या गाडीला नाही लागत, रस्त्याला लागतं.

दोनशे किलोच्या आसपासची ती बुलेट मेन स्टँडवर घ्यायला आम्हा दोघांचा दम निघाला. ट्रॅक्टरवरून जाणारा एक भिल्ल मुलगा आपणहून उतरला आणि त्यानं हात लावला. चाक काढलं. ट्यूब बाहेर काढून माझ्या बाटलीतलं पाणी ओतत भोक शोधलं. कानशीनं घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर मारून वाळवलं. घाई करू नको पोरी, ओलं चिकटवलं तर इंदूरपर्यंत नाही जायचं. मला नुसतं बघत बसायचं नव्हतं म्हणून पंप मी मारला. दीड तास गेला.

तेवढ्यात फोनवर फोटो आला. आमचे नऊ जण धामणोदला, पोहे-जिलेबी. खाली, 'कुठे राहिलात? आम्ही निघतो, इंदूरला भेटू.' आज साडेतीनशे सीसीचा नियम ज्यानं लिहिला ना, त्यानंच पाठवलेला तो मेसेज. त्याचं नाव मी घेणार नाही. त्याला कळेल.

मी फार शहाणपणा करतेय असं वाटायला नको म्हणून एक सांगून टाकते. पहिल्या दिवशी इगतपुरीला आम्ही काकांची वाट बघत थांबलो होतो. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा 'यांना कुणी बोलावलं होतं?' असं मीच म्हणाले होते. मोठ्यानं. सगळे हसले होते. नंतर कळलं, ते कसाऱ्याला एका ट्रकवाल्याजवळ थांबले होते, त्याच्या ब्रेकमधून धूर येत होता. ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, हे त्या विशीतल्या पोराला सांगत होते. मला काकांनी त्याबद्दल एक अक्षर ऐकवलं नाही. सेंधव्याला त्यांनी माझ्या चाकाचा नट आवळला तेव्हा मला माझंच वाक्य आठवत होतं.

कसाऱ्याहून इगतपुरीला रेल्वे चढते तेव्हा गाडीला मागून इंजिनं लावतात, माहीत आहे ना? चढ १ ला ३७. पुढच्या इंजिनाला एकट्याला झेपत नाही. रेल्वेतले लोक त्यांना बँकर म्हणतात. चढ संपला की ती सुटतात आणि गाडी पुढे निघून जाते. आतल्या माणसांना पत्ताही नसतो कुणी ढकललं. आम्ही काकांचं तेच केलं. चढ संपला, सोडून दिलं.

चाक बसवताना ते बोलले ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं शिरपूरला गाडी वळवायचो, म्हणाले. शिरपूरला मुक्काम, सकाळी परत मुंबई. स्टँडच्या बाहेर पडलं की दगडावर आग्रा लिहिलेलं दिसायचं, खाली किलोमीटर. रोज वाचायचं आणि स्टिअरिंग उलटीकडे फिरवायचं. रिटायर झाल्यावर मुलाला म्हणालो एकदा जाऊ या, त्याला सुट्टी नाही. त्या दिवशी बिजासन घाटात ते आयुष्यात पहिल्यांदा शिरपूरच्या पुढे गेले होते. म्हणून हळू चालले होते. त्यांना बघायचं होतं. आणि आम्ही पोहे खात घड्याळं बघत होतो.

मग आम्ही दोघं निघालो, साठच्या स्पीडनं. खलघाटला नर्मदेच्या पुलाआधी काकांनी हात दाखवून गाडी बाजूला घेतली. मला वाटलं नर्मदामाईला नमस्कार करणार, नाणं टाकणार. मी तरीही वैतागलेच होते, खरं सांगते. इंदूर अजून लांब होतं. काकांनी हेल्मेट काढलं, कठड्यापर्यंत चालत गेले आणि हात जोडून उभे राहिले. बराच वेळ. परत आले तेव्हा म्हणाले, आपली गाडी गेली इथं.

१८ जुलै २०२२. इंदूरहून अमळनेरला येणारी आपली एसटी त्या पुलावरून नर्मदेत कोसळली होती. एकही माणूस वाचला नाही. आम्ही सगळ्यांनी बातमी वाचली असणार. त्या पुलावरून आम्ही अकराजण गेलो आणि थांबला एक माणूस. नऊ जण ऐंशीच्या स्पीडनं पार झाले होते. मीही झाले असते, माझं चाक ठीक असतं तर.

हे लिहिताना पुन्हा रडू येतंय. कुकर केव्हाच बंद केला.

मला आत्ता खूप राग आलाय आणि तो सगळा त्या एका माणसावर काढण्यात अर्थ नाही, हे कळतंय. त्याला गाडी येते, त्यानं ग्रुप जमवला, त्याच्यामुळे मी पहिल्यांदा ठाण्याच्या पुढे गाडी काढली. हे त्याचं देणं माझ्यावर आहे. पण म्हणूनच सांगतेय. दहा गाड्या एका रस्त्यावर एकाच दिवशी धावल्या म्हणून तो ग्रुप होत नाही. सगळ्यात मागे असलेला माणूस कुठे आहे हे सगळ्यात पुढच्याला माहीत पाहिजे. मागच्याला झेपेल तोच सगळ्यांचा स्पीड. हे जमत नसेल तर एकटे जा, कुणी अडवलंय? पण एकटे जाताय ते पोस्टरवर 'आम्ही' लिहून जाऊ नका.

मी तो ग्रुप सोडला. दहा मिनिटांपूर्वी.

सोडण्याचं खरं कारण तो मेसेज नाही. संध्याकाळी मुलुंड स्टेशनवर उतरले तेव्हा काकांचा फोन आला. त्यांना नवीन ग्रुपचं काहीच माहीत नाही. म्हणाले, 'पोरी, यंदा तारीख ठरली का? चेन-स्प्रॉकेट बदलून घेतलंय. ब्रेक शू पण नवीन टाकले. आणि तुझ्या साइजची एक ट्यूब घेऊन ठेवलीय, मागच्या वेळचा पॅच किती दिवस चालणार.'

मी म्हणाले, ठरली काका.

तारीख आत्ता ठरवतेय. जानेवारीचा दुसरा शनिवार, पहाटे साडेचार, भांडुपला आग्रा रोडवर काकांच्या गल्लीच्या तोंडाशी. आग्र्याला पाच दिवस. चांदवडला थांबणार, महेश्वरला एक रात्र राहणार, खलघाटच्या पुलावर सगळे उतरणार. शिवपुरीच्या पुढे धुकं विरल्याशिवाय गाडी काढायची नाही. पुढे काकांची स्प्लेंडर, तिच्या मागे बाकीचे. सीसीची अट नाही. अॅक्टिव्हा चालेल. यायचं असेल त्यांनी खाली लिहा, आणि आपापल्या टायरची ट्यूब बरोबर घ्या. पंप आहे.