अश्वशक्तीच्या तक्त्यात न मावणारी गाडी

आज सकाळी एका मित्राने पाठवलेला तक्ता पाहिला आणि दिवसभर मन अस्वस्थ राहिले. एका बाजूला सित्रोएन डीएस १९ ही जुनी फ्रेंच मोटारगाडी, दुसऱ्या बाजूला जॅग्वार मार्क २ या ब्रिटिश गाडीची ३.८ लिटरची आवृत्ती. इंजिन १९११ सीसी विरुद्ध ३७८१ सीसी, शक्ती ७५ हॉर्सपॉवर विरुद्ध २२०, कमाल वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर विरुद्ध २००, आणि खाली ठळक अक्षरांत निकाल : डीएसचा सपशेल पराभव. आकडे खोटे नाहीत. पण हा निकाल देणारा माणूस डीएसमध्ये कधी बसला असेल, यावर माझा विश्वास नाही.

नोकरीनिमित्त मी फ्रान्समध्ये ल्यों येथे असताना आई माझ्याकडे राहायला आली होती. तिला कंबरदुखीचा जुना त्रास, त्यामुळे कुठल्याही प्रवासाचे नाव काढले की तिच्या कपाळावर आठी पडे. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आग्रहाने आम्हाला आपल्या डीएसमधून गावाबाहेर नेले. इंजिन सुरू झाल्यावर जमिनीलगत बसलेली गाडी सावकाश वर उठली, आणि पुढे दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर आई मागच्या सीटवर चक्क झोपी गेली.

ही जादू नव्हती, सित्रोएनचे अभियंते पॉल माजेस यांचे कौशल्य होते. पोलादी स्प्रिंगऐवजी त्यांनी प्रत्येक चाकाला एक गोळा दिला, ज्यात पडद्याच्या एका बाजूला दाबलेला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला द्रव असतो; गाडीत माणसे वाढली की पंप जास्त द्रव पाठवतो आणि उंची पुन्हा होती तेवढीच होते. आमची गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली होती, तरी तिची मागची बाजू खाली बसली नाही. स्टीअरिंग, ब्रेक आणि गिअर बदलणे हेसुद्धा त्याच द्रवाच्या दाबावर चालत असे, आणि हे सारे १९५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आले! मार्क २ त्यानंतर चार वर्षांनी आली, तरी तिच्या मागच्या बाजूला दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल आणि पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, म्हणजे पाटेच होते. तक्त्यात याला एकही रकाना नसावा, याचा मला खरोखर संताप येतो.

मार्क २ च्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि डीएसला फक्त पुढे, हे मान्य. १९६० ते १९६३ अशी सलग चार वर्षे फ्रान्सच्याच मोटार शर्यतीत मार्क २ ने टूरिंग गट जिंकला, हेही मान्य. तिच्या इंजिनाबद्दल तर मला प्रेमच आहे, कारण एक्सके नावाच्या त्याच इंजिन-घराण्याने १९५० च्या दशकात जॅग्वारला ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकून दिली. डीएसमधला सुरुवातीचा लाल द्रव हवेतील ओलावा शोषून आतले भाग गंजवत असे, आणि हिरवे खनिज तेल येईपर्यंत मालकांनी पुष्कळ सोसले.

पण ७५ या आकड्यावर हसणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे की डीएससाठी नवे सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन योजले होते; ते बाजूला पडले आणि एवढ्या पुढच्या काळातल्या गाडीला जुन्या इंजिनाच्या वंशजावर भागवावे लागले. त्याच दुबळ्या इंजिनाने आईला झोपेतच घरी आणले.

२२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पेती-क्लामार येथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला. टायर फुटले असतानाही चालकाने गाडी वेगात बाहेर काढली. म्हणून तक्ता करायचाच असेल, तर भरलेल्या गाडीची मागची बाजू किती बसते, खराब रस्त्यावर स्टीअरिंग किती हिसके देते, टायर फुटल्यावर गाडी किती सरळ राहते आणि मागच्या सीटवरच्या दुखऱ्या कंबरेला काय वाटते, हे रकाने त्यात घाला. त्यानंतरही मार्क २ जिंकली, तर तो निकाल मी मनापासून मान्य करीन.