२४ तासांच्या आत व्हिसा लागत नाही, हे सांगितलं कोणी?

आमच्या वडोदऱ्याच्या आत्याने व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक फॉरवर्ड रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला आणि वर लॅमिनेटही करून आणला. कशासाठी, तर विमानतळावर काउंटरवाल्याने अडवलंच तर त्याच्या नाकासमोर धरायला. मागच्या रविवारी दांडिया बाजारातल्या तिच्या घरी जेवायला गेलो, तर मेणकापडावर लोणच्याच्या बरणीला टेकवून तो कागद उभा केलेला. "वाच, यात सगळं आहे," म्हणाली.

वाचला. तेव्हापासून डोकं फिरलंय.

'परदेश प्रवास करणाऱ्यांनी जरूर वाचा' असं लाल अक्षरांत शीर्षक आणि खाली सहा मुद्दे. थोडक्यात असे: वाटेतला थांबा २४ तासांपेक्षा कमी असेल तर आंतरराष्ट्रीय विमान कायद्यानुसार कुठल्याही देशाचा व्हिसा लागत नाही. अमेरिकेचा व्हिसा असला की वाटेतल्या सगळ्या देशांत तोच चालतो. तिकीट मिळालं म्हणजे एअरलाइनने कागद तपासलेत. सामान आपोआप पुढे जातं. रात्रीचा थांबा असेल तर एअरलाइन हॉटेल देते, त्यालाही व्हिसा लागत नाही. आणि शेवटी, एजंट लोक हे मुद्दाम लपवतात.

आत्या अडुसष्टची. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालीय. अमेरिकेचा व्हिसा आहे. शेजारच्या मुलाने तिला एक स्वस्त तिकीट शोधून दिलं: मुंबई, फ्रँकफर्ट, लिस्बन, नेवार्क. फ्रँकफर्टला पाच तास, लिस्बनला चार. दोन्ही २४ च्या आत, मग काय हरकत आहे, असा तिचा प्रश्न.

हरकत आहे. आधी तो 'आंतरराष्ट्रीय कायदा' बघू. नागरी विमान वाहतुकीचा पायाच ज्या करारावर उभा आहे तो १९४४ चा शिकागो करार. भारतही त्यात आहे. त्याचं १३ वं कलम नेमकं उलट सांगतं: प्रवेश, इमिग्रेशन, पासपोर्ट, कस्टम यांबाबत ज्या देशात विमान उतरेल त्या देशाचे नियम प्रवाशाने पाळायचे. म्हणजे ज्या कायद्याचं नाव घेऊन व्हिसा माफ झाल्याचं सांगतायत, तोच प्रत्येक देशाला स्वतःच्या दाराची किल्ली देतो. २४ तासांची सूट त्यात कुठेही नाही.

मग हा आकडा आला कुठून? माझ्या मते तिकिटाच्या हिशोबातून. आंतरराष्ट्रीय तिकिटांत २४ तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर ते साधं विमान बदलणं धरतात, त्यापुढे गेलं तर स्टॉपओव्हर, आणि त्याप्रमाणे भाडं बदलू शकतं. हा भाड्याचा नियम आहे. इमिग्रेशनच्या खिडकीत बसलेल्या माणसाला तुमच्या भाड्याशी काय देणं-घेणं? तासांची मर्यादा काही देश आपापल्या मर्जीने ठेवतात, हे खरं. पण ती त्यांची, त्यांच्या अटींवर, आणि पासपोर्ट कुठला आहे ते बघून. चीनने डिसेंबर २०२४ पासून २४० तासांचा बिनव्हिसा ट्रान्झिट, म्हणजे वाटेत थांबून पुढे जाण्याची सोय, सुरू केला, त्याच्या यादीत भारत नाही. सिंगापूर भारतीयांना ९६ तास देतं, पण अमेरिका, ब्रिटन अशा ठरावीक देशांपैकी एकाचा चालू व्हिसा आणि पुढचं तिकीट हातात असेल तर. खुद्द अमेरिकेत तर विमानतळाच्या आत बसून राहण्याची सोयच नाही. दोन तास थांबून मेक्सिकोला जायचं असलं तरी इमिग्रेशन करावंच लागतं, म्हणजे व्हिसा लागतोच. बिनव्हिसा ट्रान्झिटची जुनी योजना त्यांनी २००३ मध्येच बंद केली.

आता आत्याचं तिकीट. इथे दुसरा मुद्दा सगळ्यात घातक ठरतो, कारण तो अर्धा खरा आहे. नाइलाजाने कबूल करतो: शेंगेन देशांच्या, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या, २००९ च्या व्हिसा नियमावलीत अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा चालू व्हिसा असलेल्याला एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसातून, म्हणजे विमानतळाच्या आतच विमान बदलायला लागणाऱ्या व्हिसातून, सूट आहे. ब्रिटनही अमेरिकेचा व्हिसा असलेल्याला, पुढचं तिकीट पक्कं असेल तर, दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत जाऊ देतं. शिवाय जानेवारी २०२६ मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर अहमदाबादेत आले तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना जर्मनीत बिनव्हिसा ट्रान्झिटची घोषणाही झाली. फॉरवर्डवाल्याने बहुधा तेवढंच ऐकलं आणि पुढचं स्वतःच जोडून दिलं.

पण शेंगेन आणि जर्मनीची ही सूट विमानतळाच्या आतल्या, इमिग्रेशनच्या अलीकडच्या भागापुरती आहे. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तिथून थेट नेवार्क असतं तर आत्या त्या भागातच बसून राहिली असती. फ्रँकफर्ट ते लिस्बन मात्र शेंगेनच्या २९ देशांमधल्या दोघांतलं उड्डाण. ते त्यांच्या लेखी घरातल्या घरात. म्हणून पासपोर्टची खिडकी फ्रँकफर्टलाच लागते आणि ती ओलांडली की तुम्ही युरोपात शिरलात. आपल्याकडचंच बघा. एखादा परदेशी माणूस मुंबईत उतरून वडोदऱ्याचं विमान पकडणार असेल, तर त्याचं इमिग्रेशन मुंबईत होईल, वडोदऱ्याच्या हरणी विमानतळावर नाही. त्याला 'मी फक्त विमान बदलतोय' म्हणून कोणी सोडेल का?

म्हणजे या तिकिटाला पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. फी ९० युरो, वर अपॉइंटमेंट आणि बँकेची स्टेटमेंट्स. तिकिटातली बचत तिथेच संपली. आणि व्हिसा नसेल तर ती फ्रँकफर्टपर्यंत पोचणारच नाही, मुंबईच्या काउंटरवरच तिची बॅग परत हातात येईल.

टोरांटोमार्गे जाण्याचाही एक पर्याय शेजारच्या मुलाने सुचवला होता. तिथे तर अमेरिकेच्या व्हिसाने काहीच होत नाही. ४८ तासांच्या आतला थांबा असला, विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही, तरी भारतीय पासपोर्टला कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. फी नाही, पण अर्ज आधी करावा लागतो.

तिसरा मुद्दा वाचून तर मी ताट बाजूला सारलं. तिकिटाची वेबसाइट पैसे घेते, व्हिसा विचारत नाही. तपासणी होते ती काउंटरवर. तिथली मुलगी टिमॅटिक नावाच्या यंत्रणेत तुमचा पासपोर्ट, मार्ग आणि व्हिसा घालून बघते. कागद अपुरे असताना नेलं तर एअरलाइनला दंड होतो, ब्रिटनमध्ये माणशी २,००० पौंड, शिवाय प्रवाशाला परतही आणावं लागतं. ती तुमचं लॅमिनेशन बघून हा धोका पत्करेल? माझ्या चुलतभावाला असंच अहमदाबादेत रात्री दोन वाजता उभं केलं होतं. एका एजंटने 'चालेल' म्हणून तिकीट काढून दिलेलं. पहाटे टॅक्सीने घरी आला तेव्हा बॅगेतला लीलो चिवडा तसाच होता, पैसे गेले ते गेलेच.

उरलेले मुद्दे फार वेळ देण्यासारखे नाहीत. सामान एकाच तिकिटावर असेल तर सहसा पुढे जातं. दोन वेगळी तिकिटं असतील तर बऱ्याचदा बाहेर येऊन उचलायचं आणि पुन्हा द्यायचं, आणि बाहेर येणं म्हणजे इमिग्रेशन. दुबईच्या टर्मिनलमध्ये आतलं हॉटेल आहे, तसं सगळीकडे नसतं. बाहेरचं असेल तर एअरलाइनने खोली दिली म्हणून तो देश दार उघडत नाही. एजंट लपवतात याबद्दल काय बोलू, काहींना माहीतच नसतं.

दीड तास लागला तिला पटवायला. शेवटी अहमदाबाद, दुबई, न्यूयॉर्क असं एकाच तिकिटावरचं बुकिंग केलं. चौदा हजार जास्त गेले. दुबईत आत बसून विमान बदलायला व्हिसा नको, हे तिला एअरलाइनच्या साइटवर दाखवलं, तेव्हा कुठे तिने लॅमिनेट केलेला कागद उलटा ठेवला.

मग म्हणाली, "अरे, पण अमेरिकेच्या व्हिसावर दुबईत तिथल्या तिथे व्हिसा मिळतो म्हणतात. बाहेर जाऊन सोन्याचा बाजार बघून येता येईल?"

मिळतो, हे खरं आहे. चौदा दिवसांचा, अमेरिकेचा व्हिसा अजून सहा महिने चालू असेल तर.

"आत्या, तुझा थांबा तीन तासांचा आहे."