खटला हलवला म्हणजे आरोपी सुटला असं नव्हे

न्यूयॉर्क राज्यातल्या किरकोळ गुन्ह्यांबद्दल एक दावा बराच पसरलाय: व्यसनाचं किंवा जुन्या लष्करी नोकरीचं कारण सांगून आरोपी खटला हव्या त्या न्यायाधीशापुढे नेतो, चार दिवस समुपदेशनाला बसतो आणि सुटतो.

आधी ‘हव्या त्या न्यायाधीशापुढे’. तिथल्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १७०.१५ नुसार खटला जातो तो अशा आरोपींच्या उपचारांवर देखरेख ठेवण्यासाठीच नेमून दिलेल्या कोर्टात. माजी सैनिकांच्या उपचार न्यायालयाचंच घ्या. आरोपीने अर्ज करायचा, सरकारी वकिलाला बोलायची संधी द्यायची. शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात न्यायचा तर दोन्हीकडच्या सरकारी वकिलांची संमती हवी. आदेश निघाला तरी, नव्या कोर्टाने आधीच खटला स्वीकारला नाही तर, पाच दिवस लागू होत नाही. तेवढ्यात नवं कोर्ट खटला नाकारू शकतं.

मग हलवायचाच कशाला? कारण न्यूयॉर्कमधल्या खेड्यातलं कोर्ट फार छोटं असतं. न्यायाधीश वकील असलाच पाहिजे असंही नाही. उपचारांवर देखरेख करणारी माणसं त्या कोर्टाने आणायची कुठून? त्याच राज्यातल्या बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी २००८ मध्ये माजी सैनिकांसाठी वेगळं कोर्ट सुरू केलं, तेव्हा प्रत्येक आरोपीच्या पाठीशी स्वयंसेवक म्हणून माजी सैनिकच उभे केले. ही सोय गावोगावी होणं अवघड आहे.

आता ‘सुटतो’. हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. खटला मिटत नाही. निकालापर्यंत नव्या कोर्टात चालतो. वारंवार हजेरी, लघवीची तपासणी, उपचारांचा अहवाल, आणि नियम मोडले तर शिक्षा डोक्यावर आहेच. २०१९ पासून तिथे किरकोळ गुन्ह्याला जास्तीत जास्त ३६४ दिवसांची कैद आहे, आणि प्रत्यक्षात पुष्कळांना त्याहून खूपच कमी होते. उपचारांचा कार्यक्रम मात्र वर्षभरही चालू शकतो. म्हणून काही आरोपी सरळ ‘शिक्षा द्या, मोकळा करा’ म्हणतात. सोपी वाट सोडून कुणी तुरुंग मागेल का?

आपल्याला न्याय मिळेल का, या पीडितांच्या काळजीत तथ्य आहे. म्हणूनच घरगुती हिंसेच्या आरोपांसाठी कायद्यात वेगळी बंधनं आहेत.

खरी अडचण या दाव्यात येतच नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल परवाना गेलेल्या माणसाने खेड्यातून दूरच्या कोर्टात पुन्हा पुन्हा हजर कसं राहायचं? बस नसेल, तर खटला तिकडे नेऊनही तो माणूस उपचारांपर्यंत पोचत नाही.