आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी आणि गिट पुश

शुक्रवारी संध्याकाळी कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने कार्यालयाचा कोड गिटहब या संकेतस्थळावर पुश करताना, म्हणजे पाठवताना, पडद्यावर ४०३ हा नकाराचा आकडा उमटला आणि शेजारी, कॉलेजात असताना मोठ्या उत्साहाने काढलेल्या ‘कोडचा_बादशहा_९७’ अशा थाटाच्या आपल्याच जुन्या खात्याला परवानगी नाकारल्याचा निरोप आला, तर मुळीच डगमगू नये. तो निरोप पुन्हा वाचण्याच्या फंदात न पडता तडक गिटचे कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाईल, उघडावे आणि ‘यूझर डॉट नेम’ बदलावे.

हे नाव केवळ कमिटखालच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाखालच्या, सहीपुरते असते आणि दार उघडणारी किल्ली वेगळीच असते, असे एखादा सहकारी सांगू लागेल. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. नावाने भागले नाही तर ईमेल बदलावा, तेवढ्यानेही भागले नाही तर लॅपटॉप बंद करून सुरू करावा. नाही तरी हे नाव गिट कधीच तपासून पाहत नाही, त्यामुळे तेथे लिनस टोरवाल्ड्स असे लिहिले तरी चालते. २००५ साली गिट ज्यांनी घडवले त्यांचेच नाव असूनही गिट हूं की चूं करत नाही. ४०३ मात्र हटणार नाही, कारण पासवर्ड जपणाऱ्या विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरने किंवा मॅकच्या कीचेनने गिटहबसाठी ती जुनीच किल्ली जपून ठेवलेली असते आणि विचारणा होताच ती इमानेइतबारे पुढे केली जाते. रिमोटच्या, म्हणजे कोड जेथे पाठवायचा त्या ठिकाणाच्या, पत्त्यात खात्याचे नाव घातले की दोन खात्यांच्या दोन किल्ल्या वेगळ्या राहतात, परंतु इतक्या सोप्या उपायाने शुक्रवारची संध्याकाळ मोकळी करून घेणे आपल्या अनुभवाला शोभत नाही.

पासवर्ड विचारला गेल्यास खात्याचा पासवर्डच टाकावा. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी तो घेणे बंद केले असले, तरी चौथ्या प्रयत्नात त्याला पाझर फुटणार नाही कशावरून? टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी गुप्त अक्षरमाळ, घेणे भागच पडले तर ते थेट रिमोटच्या पत्त्यात चिकटवावे, म्हणजे मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवत ‘गिट रिमोट’ची पत्त्यांसह यादी काढली की सर्वांनाच ते टिपून घेता येते. किल्ल्या लक्षात ठेवणाऱ्या गिटच्या क्रेडेन्शियल हेल्परमध्ये ‘स्टोअर’ निवडावा. तो टोकन साध्या मजकुराच्या फायलीत कायमचे उघडे ठेवतो. ‘कॅश’ मात्र मूळ सेटिंगप्रमाणे १५ मिनिटांत सारे विसरतो, असला विसरभोळा नोकर काय कामाचा!

एसएसएचच्या, म्हणजे पासवर्डऐवजी किल्लीच्या फायलीने ओळख पटवण्याच्या, वाटेला जाणाऱ्यांनी एकच किल्ली दोन्ही खात्यांना लावून पाहावी आणि ती आधीच वापरात असल्याचे गिटहबने कळवले की गिटहबलाच नावे ठेवावीत. दुसरी किल्ली काढून एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये प्रत्येक खात्यासाठी वेगळे टोपणनाव आणि नेमून दिलेलीच किल्ली वापरायला सांगणारी ‘आयडेंटिटीज ओन्ली’ची ओळ लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात, म्हणूनच ते काम सोमवारवर टाकावे. ‘एसएसएच वजा टी’ ही चाचणी तर चुकूनही करू नये. गिटहब त्यात आपल्याला नावाने ‘हाय’ म्हणते, आणि एकदा ते नाव दिसले की कॉन्फिगमध्ये तासभर खटपट करण्यास काही निमित्तच उरत नाही.

सर्वांत उत्तम मार्ग सहकाऱ्याचे टोकन वापरण्याचा. आमच्या एका जुन्या कार्यालयात आम्ही तिघे दीड वर्ष एकाच ज्येष्ठ सहकाऱ्याच्या टोकनवर पुश करत होतो. कमिटवर सह्या आमच्या, किल्ली त्यांची, आणि तक्रार कोणाचीच नाही. मार्चअखेर त्यांनी नोकरी सोडली, कंपनीच्या गिटहबमधून त्यांचे खाते यथाविधी वगळण्यात आले आणि रिलीजच्या रात्री तिघांचेही पुश एकदमच थांबले. आम्ही प्रथम अर्थातच ‘यूझर डॉट नेम’ बदलून पाहिले. मग त्यांना जेवणाच्या ताटावरून उठवून फोनवर घेतले आणि, “दादा, तेवढे एक नवीन टोकन काढून देता का?” अशी विनवणी केली. त्यांनी बिचाऱ्यांनी उष्टा हात धुऊन दोन मिनिटांत टोकन पाठवलेही. आम्ही ते लावले, पुश केले, आणि पलीकडून उत्तर आले की अशी कोणती रेपॉझिटरी, म्हणजे कोडचे कोठार, सापडतच नाही.